फाट्यावर बसलेली बाई

इथले अनुभव मी पाच-सहा वर्षं वाचतेय. कधी प्रतिसाद दिला नाही, पण मनातल्या मनात प्रत्येक अनुभवाखाली माझी एक कॉमेंट लिहून झालेली असायची. 'झोप झाली नसणार.' 'घरातला हीटर चेक केला होता का? गॅस साठला की भास होतात.' 'साक्षीदार एकच, तोही मामेभाऊ...' स्वभाव म्हणा, नाहीतर पोटापाण्याचा धंदा म्हणा. मी ह्यूस्टनजवळच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी टीममध्ये आहे. कुठे काही गळलं, पेटलं, कोणी शिडीवरून पडलं, की सगळ्यांशी बोलून त्याचं मूळ कारण शोधायचं आणि रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. आमच्याकडे 'कारण समजलं नाही' असं लिहायची पद्धत नाही. लिहिलं तर बॉस रिपोर्ट परत पाठवतो.

त्यामुळे हे लिहावं की नाही, यात माझं जवळजवळ वर्ष गेलं.

माझं नाव प्रज्ञा. मूळची अमरावतीची, शुगर लँडमध्ये अकरा वर्षं झाली. ज्यांना टेक्सासचा हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते – आमच्याकडे सगळ्यात मोठा चढ म्हणजे फ्रीवेवरचा फ्लायओव्हर. जमीन पोळपाटासारखी सपाट. म्हणून ख्रिसमस ते न्यू इयर ऑफिस बंद असतं तेव्हा आम्ही चौघं दरवर्षी मेक्सिकोच्या डोंगरांत चालायला जातो. विमानानं दोन-तीन तास, अमेरिकेचा व्हिसा असला की तिकडचा वेगळा लागत नाही, आणि डिसेंबरात हवा कोरडी, थंड, चालायला एकदम मस्त.

चौघं म्हणजे मी, समीर, त्याची बायको अ‍ॅना आणि दिनकरकाका. समीर पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. माझ्या आधीच्या अपार्टमेंटमध्ये शेजारी होता. अ‍ॅना सॅन अँटोनियोत वाढलेली, आजी-आजोबा मेक्सिकोतून आलेले, घरात स्पॅनिश. मराठी तिला 'चल', 'बास' आणि 'जेवलास का' एवढंच येतं. आणि दिनकरकाका बहात्तर वर्षांचे, मूळचे सांगलीचे, रिटायर्ड भूलतज्ज्ञ. अमेरिकेत आले तेव्हा आमच्यातल्या कोणाचा जन्मही झाला नव्हता. रोज पहाटे पाच मैल चालणारा माणूस. सुलभाकाकूंचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून त्या येत नाहीत. पण दर डिसेंबरला निघायच्या आदल्या दिवशी मला फोन करून एकच गोष्ट सांगतात.

"प्रज्ञा, तू त्यांच्या मागे चालत जा हं. पुढे नको. ते अजून स्वतःला पस्तिशीतले समजतात."

आणि मी दरवर्षी हो म्हणते.

मागच्या डिसेंबरात आम्ही वाहाका राज्यात गेलो होतो, त्याच नावाच्या शहराच्या उत्तरेला सिएरा नोर्ते नावाची डोंगररांग आहे तिथे. नऊ-दहा हजार फुटांवर छोटी छोटी गावं आहेत, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या जुन्या पायवाटा. गावाचा वाटाड्या बरोबर घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीत. गावांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्या वाटाड्यानं तशी विनंती केली होती. त्याचं नाव मात्र सांगते – एलिसेओ. पन्नाशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा, फार कमी बोलणारा. घरी तो सापोतेक बोलतो, ती तिथली मूळची भाषा. आमच्याशी स्पॅनिशमध्ये बोलायचा आणि अ‍ॅना आम्हाला इंग्लिशमध्ये सांगायची. मला स्पॅनिश हॉटेलात पाणी मागण्यापुरतं येतं, समीरला तेवढंही नाही.

पहिले दोन दिवस छान गेले. पाइन आणि ओकचं जंगल, झाडांवरून करड्या दाढ्यांसारखं लोंबणारं शेवाळ, रात्री केबिनमध्ये शेकोटी. काका सगळ्यात पुढे.

तिसऱ्या दिवशी सहा तासांची चाल होती. मध्ये एक खिंड, जवळजवळ दहा हजार फुटांवर. सकाळी आठला निघालो तेव्हा स्वच्छ ऊन होतं. दहाच्या सुमाराला दरीतून धुकं वर आलं. एलिसेओ म्हणाला, हे नेहमीचं आहे, फक्त जवळ जवळ चाला. दहा-पंधरा फुटांपलीकडे दिसेना. झाडांच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं, आमच्या जॅकेटांवर, पापण्यांवर बारीक थेंब जमले होते.

त्या दिवशी काका जरा हळू चालत होते. मी त्यांच्या मागे होते. सव्वादहा-साडेदहाला ते थांबले, म्हणाले, "तू हो पुढे. मी झाडामागे जाऊन येतो."

"थांबते की मी."

"अगं, बाई माणसानं मागे उभं राहिलं तर होणार आहे का मला? हो पुढे, आलोच."

मी हसले आणि पुढे गेले. दोन वळणांनंतर थांबायचं असं ठरवलं होतं. पण पुढे समीरचा आवाज ऐकू आला, वाट जवळजवळ सपाट होती, गप्पा मारत चालत राहिले. काका मागेच असतील असं धरून चालले. किती वेळ ते मला आजही नक्की सांगता येत नाही. नंतर मागे जायला लागलेला वेळ धरला तर पंधरा मिनिटं तरी.

मग वाट दुभंगली. उजवीकडची वर, खिंडीकडे. डावीकडची खाली उतरणारी, अर्धवट गवतात बुजलेली. फाट्यावर पाइनचं एक मोठं खोड आडवं पडलेलं होतं आणि त्यावर एक म्हातारी बाई बसली होती. सत्तरीच्या पुढची. काळपट स्कर्ट, करडी शाल, पांढऱ्या वेणीत हिरवी रिबीन. मांडीवर कसल्यातरी शेंगा घेऊन सोलत होती. त्या डोंगरात अशा बायका आम्हाला रोज भेटत होत्या, त्यामुळे विशेष काही वाटलं नाही. फक्त एक गोष्ट मला त्याच वेळी जाणवली – आम्ही सगळे ओलेचिंब आणि तिची शाल कोरडी. म्हटलं, आत्ताच झाडाखालून आली असेल.

एलिसेओनं हॅट काढली आणि थांबला. आम्हीही थांबलो. तिनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या. तुमचा म्हातारा माणूस मागे बसलाय. त्याला वर नेऊ नका. खाली न्या, पाण्याच्या आवाजाकडे.

आम्ही हो म्हणालो. मी मागे वळून पाहिलं तर काका नव्हते.

मग आम्ही पळत सुटलो. एलिसेओ सगळ्यात पुढे. बारा मिनिटं लागली. काका वाटेच्या कडेला एका ओकला टेकून बसले होते, एका हातातला ग्लव्ह काढलेला, चेहरा राखेसारखा आणि एवढ्या थंडीत कपाळावर घाम.

"काका, काय होतंय?"

"काही नाही. अ‍ॅसिडिटी." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात अ‍ॅस्पिरिन आहे. काढ. चावून खायचीय मला."

अ‍ॅसिडिटीला कोणी अ‍ॅस्पिरिन चावून खात नाही, हे मलाही कळतं. समीरनं माझ्याकडे पाहिलं. घाईत बॅगेची चेन मला उघडेना, शेवटी अ‍ॅनानं उघडली.

नेहमीच्या हिशोबानं आमच्यासमोर दोन पर्याय होते. मागच्या गावाला परत – अडीच-तीन तास. किंवा खिंड चढून पलीकडच्या जंगल-रस्त्यावर जायचं, तिथे फोनला रेंज मिळते – अंतर कमी, पण सगळा चढ. एलिसेओनं दोन्हींचा विचारही केला नाही. त्यानं त्याची घोंगडी काकांच्या पाठीमागून घेतली, तिला पट्टा बांधला, तो पट्टा स्वतःच्या कपाळावर घेतला आणि काकांना पाठीवर घेऊन उभा राहिला. तिथले लोक लाकडं अशीच वाहतात. फाट्यावर आलो तेव्हा खोडावर कोणी नव्हतं. तेव्हा त्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. डावीकडच्या वाटेनं खाली उतरलो.

खालून पाण्याचा आवाज येत होता. ती वाट वाईट होती, दोन ठिकाणी झाडं आडवी पडलेली, तिथे समीर आणि मी काकांना हातांवर घेतलं. पाऊण तासानं एका ओढ्याकाठी पोचलो. तिथे ट्राउट माशांची तळी होती आणि तळ्यांशेजारी एक पिकअप ट्रक. खालच्या गावातलं एक जोडपं मासे न्यायला आलं होतं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मासे ठेवायचा खोका रस्त्यावर उतरवला आणि काकांना मागे आडवं केलं. दोन तासांत आम्ही शहरातल्या हॉस्पिटलमध्ये होतो.

हार्ट अटॅक होता. मोठा. दुपारीच स्टेंट घातला. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, तिला इंग्लिश चांगलं येत होतं. बाहेर येऊन म्हणाली, "ते आत्ता स्टेबल आहेत. तुम्ही त्यांना आणखी वर चढवलं असतं तर आपण हे बोलत नसतो. खाली आणायचं कोणी ठरवलं?"

अ‍ॅना म्हणाली, "वाटेत एक बाई भेटली, तिनं सांगितलं."

डॉक्टर म्हणाली, "तिचे आभार माना," आणि गेली.

मग मी बाहेर जाऊन सुलभाकाकूंना फोन केला. तो कॉल माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट कॉल आहे. काकू रडल्या नाहीत. सगळं नीट ऐकून घेतलं, हॉस्पिटलचं नाव लिहून घेतलं, सकाळच्या फ्लाइटनं येते म्हणाल्या. आणि शेवटी विचारलं, "तू मागे होतीस ना गं त्यांच्या?"

मी म्हणाले, "हो काकू."

आत आले तर संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. वेटिंग रूममध्ये समीर, अ‍ॅना आणि एलिसेओ बसले होते. एलिसेओ आमच्याबरोबरच आला होता, हॅट मांडीवर घेऊन. समीरनं मशीनमधली कॉफी आणली. सगळे जरा सैल झालो होतो. तेव्हा समीर सहज म्हणाला, "काय योगायोग आहे यार. एवढ्या डोंगरात मराठी बोलणारी आजी भेटावी."

मला वाटलं तो थकल्यामुळे काहीतरी बरळतोय. पण दुसऱ्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की मलाही ते मराठीतच आठवतंय. नुसतं मराठीत नाही. माझ्या कानात ते वाक्य असं होतं – "त्याईले वरतं नोका नेऊ बाप्पा. खालतं न्या, पान्याच्या आवाजाकडं."

वऱ्हाडी. आमच्या अमरावतीच्या घरामागच्या गल्लीत बोलायचे तशी. मी स्वतः कित्येक वर्षांत वऱ्हाडी बोललेले नाही. पुण्यात हॉस्टेलला असताना मुली हसायच्या म्हणून सोडून दिली होती.

"तुला काय ऐकू आलं? शब्द सांग," मी समीरला म्हणाले.

"त्यांना वर नेऊ नका. खाली न्या, पाण्याच्या आवाजाच्या दिशेनं. असंच काहीतरी. का?"

"कसं बोलत होती? कुठलं मराठी?"

"कुठलं म्हणजे? आपलं नेहमीचं." त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला.

अ‍ॅना आमच्या तोंडांकडे बघत होती. तिला आम्ही इंग्लिशमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "डोन्ट. आज नको असले जोक्स. ती स्पॅनिश बोलत होती. मी तुम्हाला ट्रान्सलेटसुद्धा करणार होते, पण तुम्ही दोघं आधीच हो म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला समजलं असेल."

तिघंही एलिसेओकडे वळलो. अ‍ॅनानं त्याला विचारलं. त्यानं हॅटची कड बोटांनी फिरवली. मग बोलला, आणि अ‍ॅनानं सांगितलं ते असं: बाई सापोतेक बोलली. पण त्याच्या गावची नव्हे. त्याचे आजोबा बोलायचे तशी, जुनी. त्याला वाटलं, पलीकडच्या गावातली असेल. आणि डावीकडची ती वाट पावसाळ्यानंतर गावानं बंद केली होती, झाडं पडली म्हणून. एरवी तो पेशंटला घेऊन त्या वाटेनं कधीच उतरला नसता.

"मग का उतरलास?" अ‍ॅनानं विचारलं.

"तिनं सांगितलं म्हणून," तो म्हणाला.

काही आठवड्यांनी अ‍ॅनानं त्याला फोन करून पुन्हा विचारलं. त्यानं पलीकडच्या गावात चौकशी केली होती. तिथले लोक म्हणाले, तशी बाई आमच्यात नाही, तुमच्याच गावची असेल. 

आता तुम्ही म्हणाल तेच मी स्वतःला म्हणत होते. उंची, धुकं, भीती. माणूस अर्थ लक्षात ठेवतो, शब्द नाही. नंतर आपल्या भाषेत शब्द भरतो. असं होतं, माझ्या कामात मी रोज बघते. म्हणजे ती स्पॅनिश बोलली, आणि समीरला आणि मला खाणाखुणांवरून समजलं. ठीक. पण 'पाण्याच्या आवाजाकडे' हे खाणाखुणांनी कसं सांगतात, तेवढं जमत नव्हतं. आणि काका मागे बसलेत हे तिला कसं कळलं, तेही. ती आमच्या पुढे होती. मागून येणारी वाट एकच, आणि त्या वाटेवर आम्ही होतो.

काका नऊ दिवसांनी घरी आले. वजन उतरलं, पण बरे झाले. मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचे. काकू माझ्याशी पहिल्यासारख्याच वागायच्या, उलट जास्तच. "तू होतीस म्हणून," असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायच्या. ते ऐकलं की मी उठून ताटं आवरायला लागायचे.

मार्चमध्ये एकदा नाश्त्याला बसलो होतो आणि मला ते सहन होईना. मी काकूंना सांगून टाकलं. मी मागे नव्हते. फोनवर खोटं बोलले. काका एकटे बसलेले होते आणि मी पुढे गप्पा मारत चालले होते.

 काकूंच्या हातातला डाव पातेल्यात तसाच राहिला.

काका म्हणाले, "पण मी एकटा नव्हतो."

मी त्यांना आमच्या त्या बाईबद्दल काही सांगितलं नव्हतं. कोणीच नव्हतं सांगितलं. आजारी माणसाला कशाला, असं आम्ही ठरवलं होतं.

"एक बाई होती ना माझ्याजवळ. तुम्ही येईपर्यंत," काका म्हणाले. "मी म्हटलं, तुम्हीच तिला पाठवलं असेल. मला झोप येत होती, डोळे मिटले की ती हलवायची. शाळेतल्या मुलांची नावं विचारत होती, हजेरीच्या क्रमानं. मी चुकलो की पुन्हा पहिल्यापासून."

"कुठल्या भाषेत, काका?"

"मराठीत. आमच्या सांगलीकडची वाटली." हे बोलल्यावर त्यांनी स्वतःचं मनगट चाचपलं. नंतर हळू आवाजात म्हणाले, "नाडी बघत होती माझी. अंगठ्यानं. अंगठ्यानं कधी बघत नाहीत, स्वतःचीच नाडी लागते. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. तिनं बोट बदललं."

"दिसायला कशी होती?"

"म्हातारी. वेणीत हिरवी रिबीन."

तिकडे बऱ्याच बायका रिबीन बांधतात, हे मला माहीत आहे. काका डॉक्टर आहेत, तेही लगेच म्हणाले, "हायपॉक्सिया. ऑक्सिजन कमी पडला की मेंदू काय वाटेल ते दाखवतो. पेशंटला मी हेच सांगितलं असतं." मला एकदा असंही वाटलं की माझं ओझं हलकं व्हावं म्हणून ते हे रचून सांगताहेत. पण मी काकांना अकरा वर्षं ओळखते. ते पत्त्यांत हरले तरी खोटं बोलत नाहीत. आणि रिबीन त्यांना रचता आली नसती.

तेव्हा मी त्यांना आमची गोष्ट सांगितली. काका शेवटपर्यंत ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे."

खरं तर इथपर्यंतच असतं तर मी हे लिहिलं नसतं. चार घाबरलेली माणसं, एक आजारी माणूस, धुकं. कोणीही याचा निकाल लावू शकेल. पण एप्रिलमध्ये अ‍ॅनानं नवीन फोन घेतला.

जुन्या फोनमधले फोटो काढताना तिला त्या दिवशीचा एक व्हिडिओ सापडला. तिनं तो काढलेला नव्हता. फोन जॅकेटच्या छातीवरच्या खिशात असायचा, बहुतेक चुकून चालू झाला. चित्र काळं, नुसता आवाज. अ‍ॅनानं मला फोन केला आणि म्हणाली, "मी हे एकटीनं ऐकलं. आता पुन्हा एकटीनं ऐकणार नाही." म्हणून आम्ही शनिवारी दुपारी काकांकडे जमलो. समीर, अ‍ॅना, मी, काका, काकू. डायनिंग टेबलवर स्पीकर ठेवला.

सुरुवातीला बुटांचे आवाज. पानांवरून ठिबकणारं पाणी, अगदी स्पष्ट. मग पावलं थांबतात. एलिसेओ हळू आवाजात काहीतरी नमस्कारासारखं म्हणतो, त्याच्या भाषेत. त्यानंतर काही नाही. नुसतं ठिबकणं.

मग एकदम, एकाच क्षणी, चार आवाज. समीर म्हणतो, "बरं." अ‍ॅना म्हणते, "सी," म्हणजे हो. एलिसेओ त्याच्या भाषेत काहीतरी. आणि मी, "हव."

पुन्हा शांतता. पुन्हा चौघांचं एकाच वेळी उत्तर. समीर, "नाही नेणार." मी, "नाही नेत." अ‍ॅना स्पॅनिशमध्ये तेच. पुन्हा शांतता. पुन्हा उत्तर. समीरचं "हो आजी." माझं "हव, नेतो खालतं."

तिचा आवाज नाही. कुठेच नाही. मी ते रेकॉर्डिंग घरी नेऊन आवाज वाढवून, गाळून, सगळं करून पाहिलं. दहा फुटांवरच्या पानावरचा थेंब ऐकू येतो. एलिसेओचा हॅट काढतानाचा कापडाचा आवाज ऐकू येतो. आम्ही चौघं मध्ये मध्ये थांबून, कोणाचं तरी पूर्ण ऐकून घेऊन उत्तर देतोय, हे कोणालाही कळेल.

तिसऱ्या उत्तरानंतर आणखी एक शांतता आहे. जरा लांब. मी मोजली, नऊ सेकंद. आणि मग आम्ही हसतो.

चौघंही. एकत्र. घाबरून हसतात तसं नाही, औपचारिक नाही. समीर नाकातून फुस्सकन हसतो तसा. अ‍ॅना मोठ्यानं. एलिसेओ, ज्याला आम्ही तीन दिवसांत एकदाही हसताना पाहिलं नव्हतं, खदखदून. आणि माझं हसणं ऐकून मला क्षणभर कळलंच नाही की ते माझं आहे. घरातल्याच कोणीतरी, आपल्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसानं, आपल्याबद्दल काहीतरी अचूक सांगितलं की हसतो ना आपण, तसं. त्यानंतर समीरचा आवाज, "चल, पळ," आणि बूट धावायला लागतात.

आमच्यापैकी एकालाही हसल्याचं आठवत नाही. तीन गोष्टी आठवतात, चौथी नाही. अ‍ॅनानं एलिसेओला विचारलं. तो म्हणाला, मी हसलो नाही. तिनं फोनवरून त्याला ते ऐकवलं.  मग तो म्हणाला, तो माझाच आवाज आहे.

त्या शनिवारी रेकॉर्डिंग संपलं. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. समीर खिडकीतून बाहेर बघत होता. शेवटी काकूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच राग नव्हता, त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं.

"प्रज्ञा, हे तिकडे झाडाखाली बसले होते. तुम्ही हसलात कशाला गं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.  

"काकू, मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि अ‍ॅनाला म्हणाल्या, "पुन्हा लाव." अ‍ॅनानं पुन्हा लावलं. आम्ही पाचही जण टेबलावर वाकून ती नऊ सेकंदं ऐकत राहिलो. ठिबकणारं पाणी, बाकी काही नाही.